मदत हवी आहे: ‘डिसरिप्यूट’ला मराठीत नेमकं काय लिहू?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा, एका पतपेढीत कारकून आहे. कर्मचाऱ्यांचे इंग्रजी नियम मराठीत करायचं काम गळ्यात पडलंय आणि एका वाक्यावर गाडी अडलीय: ‘ब्रिंग द सोसायटी इन्टू डिसरिप्यूट’.

आधी ‘संस्थेची बदनामी करणे’ लिहिलं. पण बदनामी म्हटलं की कुणीतरी बोललं-लिहिलं असं वाटतं. ते तर ‘डिफमेशन’, म्हणजे कायद्यातली अब्रुनुकसानी, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 499. इथे माणूस तोंडातून शब्दही न काढता, नुसत्या वागण्याने संस्थेचं नाव घालवू शकतो. दारू पिऊन वसुलीला गेला, झालं!

‘कुप्रसिद्धी’ही बसत नाही. ती ‘नोटोरायटी’च्या जवळची, त्यात गावभर गाजणं आलं. (भाच्याने निबंधात ‘जळगाव इज नोटोरियस फॉर बनानाज’ लिहिलं होतं, ते आठवलं.) डिसरिप्यूटमध्ये गाजावाजा नसतो, फक्त पत जाते.

सध्या ‘संस्थेच्या नावलौकिकास बाधा येईल असे वर्तन’ इथवर आलोय. आमचे शिपाईकाका म्हणतात, “सरळ ‘नाव बुडवणं’ लिहा ना भाऊ.” मला तेच आवडलंय, पण नियमावलीत चालेल का? सोमवारी मसुदा द्यायचाय.