मोठ्या सफरीआधीची राजधानी : तुमचे अनुभव लिहा

गॅलापागोस बेटांचं ठरलं तेव्हा इक्वेडोरची राजधानी किटो आमच्या लेखी फक्त विमान बदलायचं ठिकाण होतं. सोबत ६८ वर्षांची आई आणि नऊ वर्षांची लेक, म्हणून चार दिवस मुक्काम ठेवला. आज सफर आठवताना दोघींच्या तोंडी आधी किटो येतं. तुम्हीही कुटुंबाला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या राजधानीत थांबला असाल, तर इथे जरूर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. किटो २,८५० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १,६४६. पहिल्या संध्याकाळी जिन्याच्या आठ पायऱ्यांत आईला धाप लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. दुसरा दिवस काहीच बघायचं नाही असं ठरवलं. जुन्या शहरातल्या मोठ्या चौकात बाकावर बसलो, बटाट्याचं दाट सूप प्यायलो. लोक्रो म्हणतात त्याला, वर चीज आणि अवोकाडोच्या फोडी. आईला ते इतकं आवडलं की रोज तेच.

तिसऱ्या दिवशी बासिलिकात गेलो. अशा चर्चच्या भिंतींवर एरवी राक्षसी तोंडं असतात, इथे इक्वेडोरचेच प्राणी आहेत. आजी-नात मान वर करून बोटांनी मोजत होत्या : कासव, इग्वाना, आर्माडिलो. आठवड्याने सांताक्रूझ बेटावर गवतातल्या एका भल्यामोठ्या कासवाने फुस्स करून मान आत ओढली, तशी लेक आजीच्या कानात म्हणाली, "आजी, हा चर्चवरचा!"

*

आम्हीही किटोच. विषुववृत्ताच्या स्मारकापाशी पिवळ्या रेषेवर सगळे फोटो काढतात, पण जीपीएसचं शून्य तिथून साधारण २४० मीटर उत्तरेला आहे. मुलगा मोबाईलवर अक्षांश बघत चालत राहिला आणि शून्य आलं तसा रस्त्याच्या कडेलाच थांबला. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ पृथ्वीचा आकार मोजायला याच भागात आले होते, हे त्याला तिथेच उभं राहून सांगितलं.

गॅलापागोसच्या विमानाआधी सामान तपासतात, बिया, रोपं, ताजी फळं चालत नाहीत. आमचा कढीपत्ता तिथेच राहिला. बेटांवर बाहेरचं काही रुजू नये म्हणून आहे ते, आणि योग्यच आहे.

*

माचू पिचूआधी तीन दिवस पेरूची राजधानी लिमा. एक सांगते, लिमा समुद्रकाठी आहे, त्यामुळे तिथे कितीही राहिलात तरी माचू पिचूच्या वाटेवरच्या, ३,४०० मीटर उंचीवरच्या कुस्कोची सवय होत नाही. कुस्कोत वेगळे दोन दिवस ठेवाच.

ऑगस्टमध्ये आभाळ सतत राखाडी, बाबा हिरमुसले होते. मग मिराफ्लोरेसमधल्या वाका पुक्याना या मातीच्या पिरॅमिडपाशी नेलं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कच्च्या विटा, आणि त्या आडव्या नाहीत, कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या, मध्ये फटी सोडून. भूकंपात भिंत थोडी हलते पण कोसळत नाही. बाबांनी आयुष्यभर बांधकामावर काम केलंय. ते तिथून हलेचनात. "मोकळीक ठेवलीय बघ," एवढंच दोनदा म्हणाले.

*

अंटार्क्टिकाच्या बोटीआधी सासू-सासऱ्यांसह अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स. परदेशी विमानं बहुतेक एझेइझा विमानतळावर उतरतात, आणि बोट जिथून निघते त्या उश्वायाची बरीचशी विमानं शहरातल्या नदीकाठच्या दुसऱ्या विमानतळावरून सुटतात. एका दिवसात दोन्ही जमवायला जाऊ नका, बोट कोणासाठी थांबत नाही. सान तेल्मोचा बाजार रविवारी असतो, तो दिवस हाताशी ठेवा. आणि रात्रीची जेवणं नऊनंतर, त्यामुळे मधुमेह असलेल्यांसाठी पिशवीत काहीतरी असू द्या.

*

सगळ्यांचं वाचून एक राहिलेलं लिहिते. या तिन्ही देशांतून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. आईसाठी आम्ही दोन महिने आधीच विचारून ठेवलं होतं.