मदत हवी आहे: लेकीला राज्याबाहेर प्रवेश मिळालाय, फीचं कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेकीला मिशिगनमधल्या एका सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. पत्र छापून तिने फ्रिजवर लावलंय, येता-जाता वाचते. पण बाहेरच्या राज्यातल्यांना फी दुपटीहून जास्त, आणि न्यू जर्सी राज्याचं फीसाठीचं ‘टॅग’ अनुदान तिकडे चालत नाही. फाफ्सा (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरला, तर हाती आलं फक्त पहिल्या वर्षाचं ५,५०० डॉलरचं फेडरल कर्ज. त्या अर्जात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात. ह्यांची नोकरी तर या जानेवारीत गेली! उत्पन्न घटल्याचे कागद जोडून फेरविचाराचा अर्ज कुणी केलाय का? पत्रात नेमकं काय लिहिलंत? विभागाच्या स्कॉलरशिपसाठी वेगळा अर्ज करावा लागतो का? १ मेपर्यंत कळवायचंय. इथल्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, रटगर्सलाही जागा आहे, पण तिला ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.