मदत हवी आहे : जुन्या प्रीमियर पद्मिनीसाठी कमी खर्चात आवाजरोधक अस्तर कोणते घ्यावे?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि ते गेल्यानंतर गेली चार वर्षे मी ती सवडीने दुरुस्त करून घेत आहे. इंजिनाचे काम झाले, ब्रेक झाले, सडलेला पत्रा कापून त्या जागी नवा वेल्ड करून झाला. सध्या सीट आणि गालिचा बाहेर काढल्यामुळे फ्लोअर पूर्ण उघडा आहे, तेव्हा आवाज कमी करणारे अस्तर घालायचे असेल तर ते आत्ताच घालावे लागेल. काम मी स्वतः घरीच करणार आहे आणि सामानासाठी १२,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. फियाट ११०० डिलाइट असो की १९७४ नंतरची पद्मिनी, बॉडी मुळात एकच असल्याने डिलाइटवाल्यांचा अनुभवही मला तितकाच उपयोगी पडेल.

ताशी ४० पर्यंत गाडी सुसह्य वाटते. ५५ ते ६० च्या दरम्यान मात्र पाय ठेवतो तिथला पत्रा थरथरू लागतो, मागच्या चाकांवरच्या घुमटांतून टायरचा घूं असा आवाज सतत येतो आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून, इंजिनाची घरघर थेट आत शिरते. दारावर बोटाच्या पेराने टकटक केली तर तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा टण्ण आवाज उमटतो. माझी आई ७४ वर्षांची आहे आणि कानाला यंत्र लावते. ते यंत्र गाडीतली घरघरही वाढवून ऐकवत असल्यामुळे मागच्या खेपेला साताऱ्याला जाताना तिने खंबाटकीच्या आधीच ते काढून ठेवले आणि पुढचा सगळा रस्ता ती गप्प बसून होती. या गाडीतला तिचा प्रवास बोलत-ऐकत व्हावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

आजवर वाचून आणि नाना पेठेतल्या दुकानांत विचारून जे समजले, ते असे. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली ब्यूटाइल रबराची शीट पत्र्याचे कंपन शोषून त्याची सूक्ष्म उष्णता करते. हवेतून येणारा आवाज ती फारसा अडवत नाही. तो अडवायचा तर जड आणि सलग पडदा लागतो, ज्यासाठी जड व्हिनाइल (प्लास्टिकची वजनदार शीट) वापरतात. ब्यूटाइल महाग आहे. गच्चीची गळती बंद करण्यासाठी मिळणारी, दिसायला अगदी तशीच डांबरी टेप त्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे आणि माझा सगळा मोह तिथेच अडकला आहे.

मोहाला आवर घालणारा एक अनुभवही गाठीशी आहे. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये रंगकाम करताना डिकीच्या बाजूच्या पत्र्याला आतून डांबरी शीट लावून दिली होती. पुढच्या मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली आणि ती शीट खाली घसरून मागच्या दिव्यांच्या वायरिंगवर ओघळली. वायरी सोडवताना बोटांना लागलेले डांबर रॉकेलनेच निघाले, आणि गाडीतला वास दिवाळीपर्यंत टिकून होता. डांबराचा दर्जाच वाईट होता, की आपल्याकडच्या उन्हात ते गाडीत लावूच नये?

वजनाचाही विचार करावा लागतो. दोन मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल शीट चौरस मीटरला साधारण तीन ते साडेतीन किलो भरते, तर जड व्हिनाइल जवळजवळ पाच किलो. कागदाचे साचे कापून मोजले तेव्हा फ्लोअर, फायरवॉल, चार दारे आणि मागचे घुमट मिळून सुमारे सहा चौरस मीटर भरले. सगळीकडे दोन्ही थर दिले तर पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे एक माणूस कायमचा गाडीत बसल्यासारखे होईल. १०८९ सीसीच्या इंजिनाला घाटात तेवढेही जाणवते.

तेव्हा ब्यूटाइल कुठे लावणे अपरिहार्य आहे आणि कुठे स्वस्त साहित्यावर भागेल, हे कृपया सांगावे. गालिच्याखालचा मूळ नमदा (लोकरी जाड थर) पाणी पिऊन कुजला होता आणि त्याच्याखालीच फ्लोअरला रुपयाएवढे भोक पडले होते, म्हणून पुन्हा नमदा घालायला मन धजत नाही.

प्रतिसाद

नमस्कार. मी दोन डिलाइट गाड्यांचे हे काम स्वतः केले आहे, त्यावरून लिहितो.

अस्तर विकत घेण्याआधी रात्री इंजिनापाशी प्रखर दिवा लावा, बॉनेट बंद करा आणि आत बसून फायरवॉलकडे पाहा. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचा रबर, वायरिंगचे ग्रोमेट (वायरी जातात त्या भोकातले रबरी कडे), क्लच आणि ब्रेकच्या पेडलांची भोके, या जागा जुन्या गाड्यांत हमखास उघड्या असतात. दारांचे बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, कडक झाले असेल तर तेही बदला. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर बीडिंग गेले असे समजा. इंजिन माउंटिंग आणि सायलेन्सरचे रबर बसले असतील, तर वरून कितीही अस्तर घातले तरी घरघर जाणार नाही. हा सगळा खर्च किरकोळ आहे आणि माझ्या गाड्यांना सर्वांत मोठा फरक यानेच पडला.

ब्यूटाइल पूर्ण पत्र्यावर लावण्याची गरज नसते. पत्रा मधोमध जास्त थरथरतो, तेव्हा मधला एक-चतुर्थांश ते निम्मा भाग झाकला की बहुतेक काम होते, आणि तुमचे वजन व पैसे दोन्ही वाचतात. टकटक करत जा, टण्ण वाजेल तिथे तुकडा लावा, बद्द वाजेल तो पत्रा सोडून द्या. लावण्यापूर्वी गंज काढून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारा, तो पूर्ण वाळू द्या, पत्रा पुसून तेलकटपणा घालवा आणि लाकडी रोलरने इतके दाबा की अ‍ॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट व्हावी. खाली हवा राहिली तर तिथे पाणी धरते.

डांबरी टेप छताला आणि उभ्या पत्र्याला लावू नका. उन्हात बंद गाडीचे छत हाताला चटका बसेल इतके तापते आणि डांबर तिथे मऊ पडून सरकते. फ्लोअरखालून सायलेन्सर जातो तिथेही नको. मात्र गच्चीसाठी विकल्या जाणाऱ्या टेपांपैकी काही खरोखर ब्यूटाइलच्या असतात, म्हणून वेष्टन नीट वाचा. नंतर एक तुकडा डब्याच्या झाकणाला चिकटवून ते झाकण गाडीच्या मागच्या काचेखाली उभे करून ठेवा. तीन-चार दुपारी वास आला नाही आणि तुकडा सरकला नाही, तर ती टेप घेण्यात धोका नाही.

नमद्याच्या जागी एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबराचा फोम घाला. तो बंद छिद्रांचा असल्यामुळे पाणी पीत नाही. गादीचा साधा स्पंज चुकूनही वापरू नका. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोके असतात, ती कशानेही झाकली जाता कामा नयेत. जड व्हिनाइल घ्यायचेच असेल तर फक्त फायरवॉल आणि पुढच्या फ्लोअरपुरते घ्या.

धागाकर्ता

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्रीच दिवा लावून पाहिला. स्टिअरिंगच्या दांड्याभोवती चंद्रकोरीएवढा उजेड दिसला आणि क्लच पेडलच्या वर वायरिंगचे ग्रोमेट मुळी नव्हतेच. पुढच्या डाव्या दारातून कागदाची पट्टी सहज निघून आली. आधी हे दुरुस्त करून त्याच सातारा रस्त्यावर, काचा बंद ठेवून, ताशी ६० ने गाडी चालवून पाहीन आणि मगच ब्यूटाइल घेईन. एवढेच विचारायचे राहिले : मागच्या चाकांच्या घुमटांना आतून ब्यूटाइल लावावे, की चाकाच्या बाजूने रबरी अंडरकोटिंग मारणे अधिक उपयोगी ठरेल? चिखलाचे दिवस जवळ आले आहेत, त्यामुळे बाहेरचे काम करायचे असेल तर ते पावसाआधीच उरकावे लागेल.