दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचं जनावर: राखणीला राहणाऱ्यांनो, लिहा

एप्रिल लागला की नागपुरातून पुण्या-बंगळुरूला मुलांकडे जाणाऱ्यांची घरं आणि घरातली कुत्री-मांजरं कुणाच्या तरी भरवशावर राहतात. ज्यांच्या भरवशावर राहतात त्यांच्यासाठी हा धागा आहे. जनावर जेवत नाही, कूलर शॉक मारतो, पाइप ठिबकतो, घर आधीच अस्वच्छ आहे, अशा वेळी नेमकं काय करायचं आणि मालकाला कसं सांगायचं ते लिहा. वर आपल्या वस्तीचं नाव टाका आणि मापं, वेळा, क्रम यांसकट लिहा, म्हणजे नवख्याला उपयोग होईल.

मनीषनगरहून

नव्वद टक्के भानगडी मालक निघायच्या आधीच मिटवता येतात. निघण्याच्या दोन दिवस आधी किमान एक तास त्यांच्या घरी जाऊन या. निघायच्या दिवशी नको, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष बॅगांत असतं.

त्या तासात जनावराचं एक जेवण मालकासमोर तुमच्या हातून द्या. "एक वाटी" हे माप धरू नका. त्यांच्या घरचीच वाटी त्यांच्या सवयीनं भरून घ्या, काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहा. तुमची वाटी आणि त्यांची वाटी यांत दीडपट फरक सहज पडतो, आणि चार दिवसांत कुत्र्याचं पोट बिघडतं. मग मेन स्विच, कोणता एमसीबी कशाचा, पाण्याचा मुख्य कॉक, नळ किती वाजता येतो, गॅसचं रेग्युलेटर. हे सगळं मालक हातानं दाखवत असताना मोबाइलवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करा. भिंतीवरची ओल, तडकलेली फरशी, सोफ्यावरचे ओरखडे त्यातच येऊ द्या.

शेवटचं म्हणजे एक सहीचं पत्र: जनावराचं नाव, वय, वजन, लसींच्या तारखा, चालू औषधं, आणि "मी फोनवर मिळालो नाही तर अमुक रुपयांपर्यंत उपचार करावेत." हा आकडा लिहूनच घ्या. रात्री दोन वाजता मालक विमानात असेल तर डॉक्टर तुम्हालाच विचारणार.

बेसा, कूलरबद्दल

बाहेरून येऊन राखणीला राहिलेल्यांना नागपूरचा कूलर समजत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

पाणी भरण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असू शकतो आणि मग बटण बंद असूनही आत करंट राहतो. पंप पाण्यात बुडालेला असतो, त्याची वायर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते, आणि लोखंडी बॉडीत करंट उतरतो. माणूस चपला घालून असतो, त्याला मुंग्या आल्यासारखं होतं. कुत्रा मात्र ओल्या फरशीवर उघड्या पंजांनी उभा राहून त्याच बॉडीला पाठ टेकून झोपतो. म्हणून पहिल्याच दिवशी बघा: प्लग तीन पिनांचा आहे का, अर्थिंगची तार बॉडीला जोडलेली आहे का, बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की लाइट आपोआप तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर लाइट जाते का. कूलर लावला की आरसीसीबी पडत असेल तर ती बायपास करू नका. तो कूलर बंद ठेवा आणि मालकाला त्याच क्षणी सांगा.

पाणी: मोठा कूलर भर मे महिन्यात तासाला आठ-दहा लिटर सहज पितो. दुपारी पाचला घरी येणार असाल तर सकाळी अकराला भरलेली टंकी पुरत नाही. पंप कोरडा चालतो आणि जळतो. फ्लोट वाल्व (टंकीत आपोआप पाणी घेणारा तरंगता नळ) नसेल तर दुपारी दोनला शेजाऱ्याला एक चक्कर टाकायला सांगून ठेवा.

हवा: कूलर चालतो तो हवा बाहेर जायला वाट असेल तेव्हाच. समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी हवी आणि घरात मांजर असेल तर त्या खिडकीला जाळी हवी. सगळं बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोली दमट होते आणि जनावर जास्तच धापा टाकतं. जूनच्या मध्यावर पाऊस आला की कूलरचा उपयोग जवळपास संपतो, तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

आठवड्यातून एकदा टंकी रिकामी करून आतून ब्रशनं घासा. नुसतं पाणी बदलू नका, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही टिकतात. वासासाठी टंकीत फिनाईल टाकणारे पाहिले आहेत. मांजर असलेल्या घरात फिनाईल कूलरमध्येच काय, फरशीवरही नको.

धरमपेठ, कुत्रे आणि ऊन

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस. डिजिटल थर्मामीटर (गुदद्वारातून, टोकाला व्हॅसलीन लावून) राखणीच्या पिशवीत असलाच पाहिजे. ४० ला सावध व्हा, ४१ म्हणजे जीवावरचं संकट. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना ते सगळ्यात लवकर गाठतं.

लक्षणं: थांबता न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, मग लडखडणं आणि उलटी. क्रम असा ठेवा: आधी थंड करा, मग गाडीत घाला. सावलीत आणून पोट, जांघा, पाय आणि मान साध्या थंड पाण्यानं ओली करत राहा आणि समोर टेबल फॅन लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, दोन मिनिटांत तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडून ठेवतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. ३९.५ ला आलं की ओलं करणं थांबवा, नाहीतर पुढे तापमान घसरतच जातं. मग डॉक्टरकडे, कुत्रा उठून बसला तरीही. किडनी आणि रक्ताचे त्रास दुसऱ्या दिवशी दिसतात.

नागपूरसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवाच. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. घाबरलेला माणूस कुत्र्याला बाथरूममध्ये नेऊन नळ सोडतो आणि गरम पाणीच त्याच्या अंगावर ओततो. म्हणून सकाळी सहाला दोन बादल्या भरून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात झाकून ठेवा. पिण्याचं पाणीही माठातलं द्या, मातीच्या पसरट भांड्यात. दिवसाला किलोमागे ५०-६० मिली हा हिशेब, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त.

रामदासपेठ

वरच्या ताईंच्या लिहिण्यात एवढंच जोडतो: फिरवायचं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. ठेवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. सूर्य मावळला म्हणून निघू नका, वर्धा रोडचं डांबर दोन तास तापलेलंच असतं. नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तर गल्लीत शी-शू करून लगेच परत.

महाल, मांजरं

मालक गेल्यावर मांजर पलंगाखाली किंवा दिवाणात शिरून दीड-दोन दिवस बसतं. ओढून काढू नका. त्याच खोलीत जेवण, पाणी आणि शी-शूचा, माती भरलेला ट्रे ठेवा, मालकाचा न धुतलेला एखादा टॉवेल जवळ टाका आणि दार लावून घ्या. दिसत नसलं तरी ट्रे सगळं सांगतो. लघवीचे गोळे मोजा, दिवसाला दोन ते चार असतात.

आता आकडे. २४ तास काहीच खाल्लं नाही तर मालकाला कळवा. ४८ तास झाले तर डॉक्टर, लठ्ठ मांजर असेल तर त्याआधीच, कारण उपाशी राहिल्यावर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते. आणि बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय पण गोळा दिसत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग अडला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बद्धकोष्ठ समजून तेल-तूप पाजत बसतात, त्यात वेळ जातो.

पॅरासिटामॉलचा तुकडाही मांजराला मारतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी परमेथ्रिन असलेलं औषध येतं, ते मांजराला लावणं तर सोडाच, औषध लावलेल्या कुत्र्याशेजारी मांजराला झोपूही देऊ नका. गॅलरीत कण्हेर असेल तर कुंडी दुसरीकडे हलवायची परवानगी घ्या. संक्रांतीच्या आठवड्यात गॅलरी आणि गच्चीवरचा मांजा रोज उचला.

सक्करदरा, फिश टँक

मासे उपाशी फारसे मरत नाहीत, जास्त खाऊ घातल्यानं मरतात. मालकाकडून रोजच्या खाण्याच्या कागदी पुड्या करून घ्या, तारीख टाकून, आणि मुख्य डबा कपाटात बंद. दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं. उन्हाळ्यात पाणी ३२ च्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, मासे वर येऊन तोंड उघडझाक करतात. टँकचा लाइट बंद, झाकणाऐवजी जाळी, एअर पंप दिवसरात्र. गोठवलेली अर्धा लिटरची बाटली तरंगत ठेवता येते, पण दिवसभरात दोन अंशांहून जास्त उतरवू नका. पाणी बदलायचं ते पाव भाग, आणि नळाचं पाणी २४ तास उघड्या बादलीत, घरातच ठेवलेलं. लाइट तीन-चार तास गेली असेल तर फिल्टर तसाच सुरू करू नका. आतला स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून घ्या, नाहीतर सडलेलं सगळं एकदम टँकमध्ये येतं.

हिंगणा रोड

गोचिडं निघाली की मालक म्हणतात तुमच्याकडे आल्यावर लागली. म्हणून पहिल्या दिवशी मालकासमोरच कान, बोटांमधली जागा, गळपट्ट्याखाली बघून घ्या. गोचीड ताप चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे तुमच्या मुक्कामात आलेला ताप आधीचाही असू शकतो. खाणं सोडलं, हिरड्या फिक्या, पोटावर बारीक लाल ठिपके, नाकातून रक्त, यातलं एकही दिसलं तर रक्ततपासणी. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल नको.

त्रिमूर्तीनगर, घराबद्दल बोलायचं कसं

जनावराबद्दल लोक लगेच फोन करतात, घराबद्दल संकोचतात. मोरीला वास येतो, किचनमध्ये झुरळं आहेत, हे कसं म्हणायचं? मालक निघायच्या आधीच म्हणायचं आणि दोन भाग करून म्हणायचं. उघडी वायर, तुटलेली जाळी, गळका गॅस पाइप, उंदराचं औषध: हे निघायच्या आत दुरुस्त झालं पाहिजे, नाहीतर जबाबदारी घेऊ नका. धूळ, डाग, जुनी गादी: हे चालवून घेता येतं, फक्त व्हिडिओत असू द्या.

उंदराच्या औषधाबद्दल तोंडानं विचारा, कुठल्या कोपऱ्यात, कधी ठेवलं. फ्रीजमागे दोन वर्षांपूर्वी ठेवलेली वडी मालक विसरलेला असतो. त्यातल्या बऱ्याच औषधांनी रक्त गोठायचं थांबतं आणि लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी पाकीट घेऊन लगेच डॉक्टरकडे जा. उतारा असतो, फक्त वेळेत मिळायला हवा.

मुक्कामात काही बिघडलं तर मेसेज असा असावा: "सकाळी ७.१०. बेसिनखालचा पाइप ठिबकतोय, मिनिटाला वीसेक थेंब. खाली बादली ठेवली, बेसिनचा कॉक बंद केला, बाकी घरात पाणी आहे. फोटो पाठवतेय. प्लंबर बोलवू का? पाचशेच्या आत झालं तर करून घेऊ?" मालकाला यावर हो किंवा नाही एवढंच लिहावं लागतं. "काका, तुमच्या घरी पाणी गळून राहिलं" एवढ्याच मेसेजनं ते तिकडे रात्रभर जागतात.

जरीपटका, पावसाळा

पाऊस सुरू झाला की अंगणवाल्या घरात साप निघतो. कुत्र्याला आत घेऊन दार लावा, सापावर लांबूनच नजर ठेवा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. मारू नका, झाडू तर मुळीच घालू नका. कुत्र्याला चावला असेल तर बांधणं, चिरणं काही नको. त्याला चालवू नका, उचलून न्या. व्हेटर्नरी कॉलेज सेमिनरी हिल्सला आहे, पण रात्री कोणता डॉक्टर मिळतो हे मालकाकडून आधीच लिहून घ्या आणि एकदा फोन करून खात्री करा.

आणखी एक. घरात पिंजऱ्यात आपला हिरवा पोपट असेल तर तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. राखणीला जाण्याआधी "कोणकोणती जनावरं आहेत" हे नेमकं विचारा. तुम्ही नको म्हणू शकता.

धंतोली

चावणं राहिलं. घरचा, लस दिलेला कुत्रा असला तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा, रेबीजचं इंजेक्शन मिळतं. कुत्र्याचं लसीचं पुस्तक सोबत न्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या तारखा पाळा. मालकाला लगेच कळवा, कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं आणि तोवर तुमचा मुक्काम बहुतेक संपलेला असतो.

मनीषनगरहून, पुन्हा

धंतोलीच्या दादांचं वाचून आठवलं. परत देताना किल्लीसोबत एक कागद द्या: शेवटचं जेवण किती वाजता, किती ग्रॅम, शेवटची शी कशी होती, कोणतं औषध किती उरलं, कूलर कधी घासला, विजेचं रीडिंग. मालक घरात शिरले की कुत्रा "उपाशी आहे" असं तोंड करतो आणि त्याला दुसऱ्यांदा जेवण मिळतं.