बॅगेत २३ किलो पुस्तकं: कोणाला काय हवंय?

प्रेषक: मेधा (सध्या बडोदा)

मंडळी नमस्कार,

दांडिया बाजारातून लिहितेय, आईकडे आहे, महिनाअखेरीस परत. निघताना मंडळाच्या कमिटीने गळ्यात घातलंच होतं की येताना लायब्ररीसाठी पुस्तकं आण, म्हणून एक बॅग रिकामी ठेवलीय. २३ किलो, त्यातले साडेतीन किलो बॅगेचेच, म्हणजे आपले साडेएकोणीस. त्यावर एक ग्रॅम नाही. काउंटरवर बॅग उघडून पुस्तकं पर्समध्ये कोंबायचा तमाशा मी एकदा केलाय.

याद्या पाठवा. पण आधी एक सांगते, येण्यापूर्वी बेसमेंटमधल्या आपल्या कपाटाची नोंदवही चाळून आलेय. गेल्या खेपेला चाळीसेक पुस्तकं मागवली, बहुतेक जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या नाहीतर थोरामोठ्यांची चरित्रं, पैकी घरी नेली गेली नऊ. आणि सगळ्यात जास्त वेळा कुठलं गेलंय? 'रुचिरा'. अकरा वेळा. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याच्या मापात लिहिलं आणि आपण अजून त्याच वाटीने मोजतोय. पुरणपोळीच्या पानावर हळदीचा अंगठा आहे, कोणाचा ते मला माहितीय, सांगत नाही.

दोन दिवस उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत आहे, इथे सगळी दुकानं बंद आणि अख्खं गाव गच्चीवर, त्यामुळे तेवढा वेळ आहे तुम्हाला.

मेधा

प्रेषक: संदीप

मेधा, ग्रेट काम. आमच्याकडून:

ईशानसाठी (१४ पूर्ण) 'श्यामची आई', शिवाजी महाराजांचं एखादं चांगलं चरित्र, सुभाषितं अर्थासकट, आणि शुद्धलेखनाचं काहीतरी. या वयात संस्कार झाले तर झाले, नंतर कॉलेजला गेला की संपलं. आपल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या बाकीच्या मुलांनाही हेच सगळं चालेल. रश्मीसाठी आत्मचरित्र वगैरे बघ, तिला आवडतं.

प्रेषक: रूपाली

हेच सगळं चालेल असं नाही हं संदीप. माझा ओम सहा वर्षांचा आहे, घरात मराठीच बोलतो, आजीशी फोनवर भांडतो पण मराठीतच, पण वाचायला बसला की जोडाक्षर आलं रे आलं की पुस्तक मिटतो. 'क्ष' बघून मला म्हणाला हे अक्षर तुटलंय का. आपल्या कपाटातली मुलांची पुस्तकं म्हणजे मुंग्यांची रांग असते, पानभर बारीक टाइप आणि कोपऱ्यात एक करडं चित्र. मेधा, मोठी अक्षरं, एका पानावर दोन ओळी आणि खरीखुरी चित्रं असलेलं बघ ना. माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' मैत्रिणीकडे बघितलं होतं, चित्रंही त्यांचीच, त्यातलं घर आपल्या घरासारखं दिसतं, कोणी कोणाला उपदेश करत नाही. तसलं. आणि त्यांचीच 'वाचू आनंदे' बालगट-कुमारगट अशी आहेत, तीही मिळाली तर शाळेला बरी पडतील.

प्रेषक: बापूकाका

चि. मेधा, अनेक आशीर्वाद.

तू दांडिया बाजारातून लिहिते आहेस हे वाचून सकाळचा चहा गार झाला. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे असं भाचा सांगतो. शाळेत असताना शनिवारी दुपारी आम्ही तिघे मित्र सुरसागर तलावाला वळसा घालून मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जायचो, पुस्तकासाठी कमी आणि काचेच्या फरशीसाठी जास्त. पुस्तकांच्या रॅकचे मजले लोखंडी आणि मधली जमीन जाड काचेची, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून, आणि खाली उभं राहून वर पाहिलं की शिपायाच्या चपलांच्या सावल्या हलताना दिसायच्या, आम्ही त्याला ढगातला शिपाई म्हणायचो. मोठेपणी कळलं की सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून हे उभं केलं, तो तीन वर्षं राहिला, आणि महाराजांनी राजवाड्यातली स्वतःची वीसेक हजार पुस्तकं लायब्ररीला देऊन टाकली. बायकांसाठी वेगळं वाचनालय, मुलांसाठी वेगळा विभाग, आणि खेड्यापाड्यात पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या, म्हणजे गावकऱ्याने शहरात यायचं नाही, पुस्तकाने गावात जायचं. आपल्या मंडळाची ग्रंथपेटी म्हणजे त्याच पेटीची खापरपणती समज, फक्त हिला विमान लागतं.

आता माझी मागणी. सरदेसाईंची 'रियासत', सगळे खंड. गोविंद सखाराम बडोद्याच्या नोकरीत होते, राजपुत्रांना शिकवत, त्यातूनच तो इतिहास लिहायला लागले. बडोद्याचंच पुस्तक आहे, बडोद्याहून यावं.

बापूकाका

ता.क. २०१८ ला बडोद्याला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो आणि पुस्तकांच्या वजनापायी एक स्वेटर तिथेच ठेवून आलो. तो तुझ्या आईकडे असेल तर बघ.

प्रेषक: हेतल

जय श्री कृष्ण सगळ्यांना. मी पण बडोद्याचीच आहे पण वाडीची, लग्नाने मराठी. बोलायला येतं, वाचायला पण जमतं, आमच्या गुजरातीत वरची रेघ नाही एवढाच फरक, बाकी अक्षरं चुलत बहिणीच आहेत. पण पुस्तकातलं मराठी आणि सासूबाईंचं मराठी वेगळं वाटतं. एकदा गोष्टीत वाचलं 'तो थोडक्यात वाचला', मला वाटलं त्याने थोडंसंच वाचलं, आमच्यात वांचवुं म्हणजे फक्त पुस्तक वाचणं, जीव वाचायचा असेल तर बचवुं. मेधाताई, माझ्यासाठी बोलल्यासारखं लिहिलेलं काहीतरी आणशील का, लहान मुलांचं नको, मी ३८ वर्षांची आहे, मला ससा-कासव नको.

प्रेषक: मेधा

मंडळी,

बापूकाका, स्वेटर सापडला, कसर लागलीय. 'रियासत' मात्र नाही हो जमणार, सगळे खंड आणले तर बॅगेत ओमसाठी एक चित्रसुद्धा मावणार नाही. आणि दुसरं म्हणजे, मी तुमची नोंद पाहिलीय. मागची दोन चरित्रं तुम्ही दुसऱ्याच दिवशी परत केलीत. खरं काय हवंय ते सांगा.

आता इथली गंमत. इथे मराठी पुस्तकं नवी मिळणं अवघडच आहे, जी मिळतात ती अभ्यासाची, त्यामुळे नवं सगळं पुण्याहून आईच्या पत्त्यावर मागवतेय. पण उत्तरायणाला गच्चीवर शेजारचे दादा भेटले, उंधियूची वाटी हातात, आणि म्हणाले वाडा पाडायला काढलाय, पुस्तकांची तीन कपाटं आहेत, वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, झालं की रद्दीवाला येणार, तुला हवं तर आधी बघ. मी पतंग मुलांच्या हातात दिला आणि त्याच संध्याकाळी गेले.

वाड्याचं माजघर अंधारं, ओल आलेली, एक बल्ब. आणि कपाटं कशी होती सांगू? कोणीच लावलेली नव्हती. म्हणजे एका घरात चार पिढ्या राहिल्या आणि ज्याने जे वाचलं ते जागा मिळेल तिथे खुपसलं. वरच्या फळीवर आजोबांची संस्कृत स्तोत्रं, आणि त्यांच्या मागे, अक्षरशः मागे, लपवलेले, बाबूराव अर्नाळकर. त्यांचा नायक झुंजार, त्याच्या नऊ चोपड्या. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या म्हणतात, त्यातल्या निदान नऊ देवाच्या आडोशाने टिकल्या. खाली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', कडेला पेन्सिलीने कोणीतरी बाईने लिहिलंय, 'आमच्याकडेही हेच'. कुठल्या परिच्छेदाशेजारी ते सांगत नाही, रश्मी, तू शोध, हे पुस्तक तुझं. हेतलवहिनी, तुमच्यासाठीसुद्धा हेच सुचवणार होते, कारण मराठीत बोलल्यासारखं लिहिणं म्हणजे काय ते लक्ष्मीबाईंना विचारावं, शिकलेल्या उशिरा, आणि घरातली भांडणं अशा सांगतात की नवऱ्याचा राग यायच्या आत हसू येतं. रश्मीनंतर तुमचा नंबर.

मग 'चांदोबा'चे अंक, गिजुभाई बधेकांच्या गुजराती गोष्टी, होमिओपॅथी, लोकरीच्या विणकामाचं पुस्तक ज्यात अर्धवट मोज्याच्या सुया तशाच, रेल्वेचं जुनं वेळापत्रक, आणि दिवाळी अंकांची चळत. दिवाळी अंक मला सगळ्यात आवडले. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा काढला तेव्हापासूनची ही आयडिया किती हुशार आहे बघा, एकाच अंकात कथा, कविता, प्रवास, व्यंगचित्रं, राशिभविष्य, घरातल्या प्रत्येकाने आपापलं पान उघडायचं, आणि भविष्य बघायला आलेला माणूस चुकून शेजारची कथा वाचून जातो.

तिथे बसल्या बसल्या तुमच्या याद्या परत वाचल्या आणि एक लक्षात आलं. हेतलवहिनी सोडून एकानेही स्वतःसाठी काही मागितलेलं नाही. संदीपने ईशानसाठी, रूपालीने ओमसाठी, बापूकाकांनी बडोद्याच्या अब्रूसाठी. आपलं कपाट बंद का राहतं ते नोंदवहीत लिहिलेलं नाही पण मला कळलं, ते सगळं दुसऱ्याने वाचावं म्हणून आणलेलं आहे. त्या वाड्यात कोणी कोणासाठी आणलं नव्हतं, आजोबांनी तर लपवून वाचलं.

तर आता परत मेल करा. फक्त स्वतःपुरतं. लाज वाटली तर मला एकटीला पाठवा.

आणि हो, 'किशोर'चे अंक मी आणणार नाही, बालभारतीने १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट ठेवलेत, शून्य किलो.

मेधा

प्रेषक: ईशान

मेधा मावशी हाय, बाबांच्या मेलवरून वाचलं. मला सुभाषितं नकोत प्लीज. भुताचं काही आहे का मराठीत? खरंच भीती वाटेल असं. आणि जास्त जाड नको, मी हळू वाचतो.

प्रेषक: मेधा

आहे ना. नारायण धारप. रात्री वाचायचं नाही ही अट. आणि हळू वाचतोस तर आधी 'फास्टर फेणे'पासून सुरू कर, फुरसुंगीचा बनेश फेणे, काडीपैलवान, सायकलवर, संकटात 'ट्टॉक' करतो. भा. रा. भागवतांची वाक्यं छोटी आणि पळणारी आहेत, तुझा स्पीड आपोआप वाढेल. जमलं तर धारप.

प्रेषक: बापूकाका

मेधा, तू मला पकडलंस. झुंजार. नऊच्या नऊ. टाइप बारीक असला तरी भिंग आहे.

प्रेषक: मेधा

शेवटचा हिशोब. आईच्या बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी मी एकटी, मग मी आणि बॅग, असं चार वेळा केलं, आई म्हणाली तुझंच वजन वाढलंय.

मुलांची चित्रांची पुस्तकं ४ किलो, पातळ असतात पण कागद जड. 'वाचू आनंदे' २ किलो. फास्टर फेणे आणि धारप मिळून अडीच. झुंजार जेमतेम एक किलो, वाळलेल्या पानांसारखे झालेत, बापूकाका, हळू उलटा. दिवाळी अंक ३. 'स्मृतिचित्रे', 'बनगरवाडी' आणि बाकी मोठ्यांचं साडेतीन. गिजुभाईंच्या गोष्टी अर्धा किलो, गुजरातीच आहेत, हेतलवहिनींनी दर रविवारी मुलांना मराठीत सांगायच्या, ससा निघाला तर निघाला. 'रुचिरा'ची नवी प्रत एक किलो, कारण जुनीला पुरणाचा वास येतो. 'श्यामची आई' पण घेतलंय संदीप, पाव किलो, नाही म्हणायला.

बेरीज पावणेअठरा. म्हणजे पावणेदोन किलो शिल्लक, आणि संदीपने अजून स्वतःसाठी काही सांगितलेलं नाही.

प्रेषक: संदीप

मेधा, फक्त तुला म्हणून सांगतो, ईशानला देण्याआधी ते धारप मला दे. हॉस्टेलवर कोणीतरी अर्धं फाडलेलं पुस्तक वाचलं होतं, शेवट आजतागायत माहीत नाही. आणि सुहास शिरवळकर मिळाले तर दोन-तीन टाक. रश्मीला बोलू नकोस, तिच्यासमोर मी गेली दहा वर्षं संतसाहित्य वाचतोय.

प्रेषक: रश्मी

संदीप, तू रिप्लाय ऑल केलंयस.

मेधा, शिरवळकर माझ्या नावावर टाक, मी आधी वाचणार.