धणे उकरून पाहू नका

धणे पेरून आठवडा झाला, काहीच उगवलं नाही, माती उकरून पाहावी का, असं विचारलंय. कृपया उकरू नका! थंडीत धण्यांना वर यायला 10 ते 15 दिवस सहज लागतात. मेथी तीन-चार दिवसांत डोकं काढते म्हणून धण्यांकडूनही तीच अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

पुढच्या वेळी धणे लाटण्याखाली अगदी हलक्या हाताने रगडा. एका धण्यात दोन बिया असतात, त्या सुट्या होतात. जोर लावला तर बी चुरडतं आणि मग ते उगवत नाही. रात्रभर भिजवून सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरा, तेही कायमच्या कुंडीतच. कोथिंबिरीला सोटमूळ, म्हणजे सरळ खोल जाणारं एकच मुख्य मूळ असतं. उपटून दुसरीकडे लावलं की ते दुखावतं आणि रोप पानं धरण्याआधीच फुलावर येतं.

पाण्याचा हात मात्र आखडता घ्या. वरची माती कोरडी दिसली तरी बोट दोन पेरं आत घालून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. द्यायचं तेव्हा सकाळी द्या. रात्रभर ओली राहिलेली पानं बुरशीला आमंत्रण देतात.

तुळस या दिवसांत रुसते, तिला उन्हाच्या भिंतीशी ठेवा. आणि कोवळ्या शेंड्यांवर, पानांच्या मागे मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहा. बहुतेकदा तेवढ्यानेच आटोक्यात येतो.