सोलापुरातून भाषांतराचे त्रैमासिक : रीतसर नोंदणी करावी की पुस्तकमाला काढावी?

नमस्कार.

कन्नड, तेलुगू आणि उर्दूतले लेखन इंग्रजी-हिंदीचा आधार न घेता थेट मराठीत आणणारे एक त्रैमासिक सोलापुरातून सुरू करण्याचा आम्हा काही मित्रमैत्रिणींचा विचार आहे. पूर्वभागातल्या विणकरांच्या घरांत तेलुगू आणि अक्कलकोटकडच्या गावांत कन्नड रोज बोलली जात असल्यामुळे दोन्ही भाषा मुळातून जाणणारे अनुवादक येथे शोधावे लागत नाहीत. पहिल्या दोन अंकांचा मजकूर आणि छपाईचे पैसे यांचीही तजवीज झाली आहे. गाडी अडली आहे ती अंक कोणत्या स्वरूपात काढावा यावर, आणि त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

१ मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा लागू झाला आहे. आता शीर्षक आणि नोंदणी या दोन्हींसाठी एकत्रच ऑनलाइन अर्ज करता येतो, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयातली डिक्लेरेशनची (प्रकाशकाच्या घोषणापत्राची) खेप वाचली, ही सोय खरीच. मात्र कायद्यातली व्याख्या पाहता, ठराविक कालावधीने छापले जाणारे आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असणारे प्रकाशन म्हणजे नियतकालिक. पुस्तके आणि शास्त्रीय वा विद्याविषयक जर्नल्स त्यातून वगळली आहेत. केवळ अनुवादित कथा-कविता छापणारा अंक या व्याख्येत बसतो की नाही, हे आम्हाला ठरवता येत नाही. नोंदणीविना नियतकालिक काढल्यास पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद असल्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणून अंक काढायची आमची तयारी नाही. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांसारखे, म्हणजे ठरलेल्या मुदतीविना निघणाऱ्या छोट्या वाङ्मयीन अंकांसारखे, मनाला येईल तेव्हा अंक काढण्याचे स्वातंत्र्य मोहात पाडते, पण मग वाचकाकडे वर्षाची वर्गणी कोणत्या तोंडाने मागायची?

दुसरा पर्याय पुस्तकमालेचा, म्हणजे प्रत्येक अंकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) देण्याचा. येथे टपालखर्चाचा मुद्दा येतो. १८९८ च्या डाक कायद्यातली वृत्तपत्रांची सवलत ३१ दिवसांहून अधिक अंतराने निघणाऱ्या प्रकाशनांना नव्हतीच, त्यामुळे त्रैमासिके तेव्हाही तिच्याबाहेर होती. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ या टपाल खात्याच्या पुस्तके पाठवण्याच्या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक कर वगळता २० रुपयांत जाते, पण ती सेवा नियतकालिकांना नाही आणि आत जाहिराती असलेली पुस्तकेही तिच्यात चालत नाहीत. डेमी आकारातला, सत्तर जीएसएम (दर चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) मॅपलिथो कागदावर छापलेला ९६ पानांचा, म्हणजे सोळा पानी सहा फॉर्मांचा अंक मुखपृष्ठासह साधारण सव्वाशे ग्रॅम भरेल, म्हणजे वजनाची अडचण नाही. बाहेरगावच्या वर्गणीदारांचा विचार केला तर पुस्तकमाला स्वस्त पडेल, पण गावातल्या दुकानदारांनी देऊ केलेल्या जाहिरातींवर पाणी सोडावे लागेल. शिवाय दर तीन महिन्यांनी त्याच बोधचिन्हासह निघणाऱ्या पुस्तकाला पोस्टातला कारकून पुस्तक मानेल का, अशीही शंका आहे.

आमचा कल नोंदणीकडे आहे, कारण वाचनालयांकडे वार्षिक वर्गणी हक्काने मागता येईल. ज्यांनी २०२४ नंतर साहित्यविषयक त्रैमासिकाची नोंदणी केली आहे, त्यांनी अर्जात विषय काय लिहिला, पर्यायी शीर्षके किती सुचवावी लागली आणि हाती प्रमाणपत्र येईपर्यंत प्रत्यक्षात किती काळ गेला, हे कृपया सांगावे. मालिका म्हणून पुस्तके काढणाऱ्यांनी ज्ञान पोस्टचा आपला अनुभव लिहावा.

आणखी एक विचारायचे आहे. कन्नड कवी द. रा. बेंद्रे येथील डी. ए. व्ही. महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे पहिल्या अंकात त्यांच्या कन्नड कविता असाव्यात अशी सर्वांची इच्छा आहे. त्यांचे निधन १९८१ चे, म्हणजे साठ वर्षांच्या नियमाने स्वामित्वहक्क २०४१ अखेरपर्यंत राहणार आणि वारसांची लेखी परवानगी घ्यावी लागणार, हे उघड आहे. अशा परवानगीपत्रात छापील अंकासोबत ई-आवृत्ती आणि पुढेमागे निघणारा संग्रह यांचाही उल्लेख आधीच करून घ्यावा, की प्रत्येकासाठी वेगळे पत्र घेणे शहाणपणाचे? कोणाकडे मराठीतला मसुदा असल्यास नावे वगळून येथे द्यावा, ही विनंती.